पवनचक्कीचा जमाखर्च

साताऱ्याहून सज्जनगडाच्या अंगाने ठोसेघरकडे गेलेला रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर निघतो. जांभ्या दगडाचा हा उघडा सडा आहे. त्यावर झाडझाडोरा विरळ, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवील असे काहीच नाही. या भागातून पाटण तालुक्यातील वनकुसवड्यापर्यंत, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. महाराष्ट्रात वाऱ्यापासून वीज करण्यास १९८६ च्या सुमारास देवगडच्या किनाऱ्यावर आरंभ झाला. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रे सह्याद्रीच्या माथ्यावर चढली, तेथून सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात व धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या डोंगराळ मुलखात पसरली. आज राज्यातील पवनविद्युतीची एकूण क्षमता ५,००० मेगावॅटहून अधिक आहे, आणि सबंध देशाच्या क्षमतेने २०२५ साली ५०,००० मेगावॅटचा टप्पा गाठला.

इतकी यंत्रे उभी राहिल्यावर त्यांच्याविषयी शंकाही उभ्या राहाव्यात, हे स्वाभाविकच होय. त्यांतील एक शंका वरवरची नाही. पवनचक्कीचा मनोरा पोलादाचा असतो. ते पोलाद कोळसा जाळून झोतभट्टीत तयार होते. तिचा पाया सिमेंट-काँक्रीटचा असतो, आणि सिमेंट भाजण्यास प्रचंड उष्णता लागते. तिची पाती काचतंतू आणि कृत्रिम राळ यांची असतात, आणि राळ खनिज तेलापासून निघते. ही अवजड सामग्री डिझेल जाळणाऱ्या वाहनांवरून घाटमाथ्यावर न्यावी लागते. तेव्हा जी ऊर्जा खर्चून हे यंत्र घडले, तेवढी ऊर्जा तरी ते आपल्या आयुष्यात परत देते काय? की चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा व्यवहार आहे?

या प्रश्नाचे उत्तर रुपयांच्या हिशेबातून मिळत नाही. पैशाच्या हिशेबात सरकारी अनुदान असते, करांतील सवलत असते, कर्जावरचे व्याज असते आणि विजेचा ठरवून दिलेला दर असतो. यांतील एखादा आकडा बदलला की नफ्याचा तोटा आणि तोट्याचा नफा होऊ शकतो. ऊर्जेचा हिशेब मात्र निसर्गाच्या नियमांनी बांधलेला असतो. त्याला सवलत ठाऊक नाही. त्याची तुलना करायची तर शेतकऱ्याच्या बियाण्याशी करता येईल. पेरलेल्या एका पायलीचे खळ्यावर वीस पायल्या धान्य झाले, तर एक पायली पुढील पेरणीसाठी बाजूला काढून उरलेल्यावर घर चालते. एकाची दीडच पायली आली, तर शेतकरी राबूनही उपाशी राहतो. आणि एकाची एकच आली, तर शेती करण्यात अर्थ उरत नाही. ऊर्जेच्या प्रत्येक साधनाला हीच कसोटी लागू पडते. पेरलेल्या ऊर्जेच्या किती पट ऊर्जा हाती येते, आणि पेरलेली परत येण्यास किती काळ लागतो, हे दोन आकडे कळले की त्या साधनाची योग्यता कळते.

पवनचक्कीच्या बाबतीत या शंकेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती एका उताऱ्यामुळे. कॅनडातील भूशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूज यांचा एक लेख टॉमस होमर-डिक्सन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात २००९ साली प्रसिद्ध झाला. दोन मेगावॅटच्या एका पवनचक्कीत २६० टन पोलाद असते आणि त्यासाठी १७० टन कोळसा व ३०० टन लोहखनिज लागते, असा हिशेब त्यांनी तेथे मांडला होता. त्यापुढे त्यांचे म्हणणे असे होते की, जागा चांगल्या वाऱ्याची असेल तर ही ऊर्जा तीन वर्षांत किंवा त्याहून लवकर परत मिळते. जागाच चुकीची निवडली, तर ती कधीच परत न मिळण्याचाही संभव असतो. पुढे झाले असे की, या विधानाचा पूर्वार्ध गळला आणि उत्तरार्ध तेवढा देशोदेशी फिरला. पवनचक्की मोडून पडेपर्यंत फिरली तरी स्वतःच्या घडणीची ऊर्जा परत करीत नाही, असे विधान होमर-डिक्सन यांच्या नावावर खपू लागले, आणि हे आपले म्हणणे नव्हे, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले.

मूळ लेखातील आकडे मात्र उपयोगी आहेत, कारण त्यांच्या आधारे कोणालाही स्वतः गणित मांडून पाहता येते. त्यासाठी घरच्या विजेच्या बिलावर असते तेच माप पुरेसे आहे. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की जी ऊर्जा खर्च होते, ती एक युनिट. उष्णताही याच मापाने मोजता येते.

खनिजापासून एक टन पोलाद करावयाचे, तर खाणीपासून कारखान्यापर्यंत मिळून सुमारे ७,००० युनिट उष्णता खर्ची पडते. या मानाने २६० टन पोलादाला १८ लाख युनिट लागतील. पायासाठी हजार टन काँक्रीट धरले आणि टनाला २८० युनिट धरली, तर त्याची २ लाख ८० हजार युनिट होतात. काँक्रीटचे वजन पोलादाच्या चौपट असूनही त्याचा ऊर्जाखर्च पोलादाच्या सहाव्या हिश्शाइतकाच भरतो, कारण त्यात सिमेंटचा भाग थोडा आणि खडी-वाळूचा फार असतो. पात्यांची गोष्ट उलट आहे. ती हलकी, परंतु महाग. पाती आणि वरचे आवरण मिळून २५ टन माल धरला, तरी टनाला २८,००० युनिटांच्या हिशेबाने ७ लाख युनिट होतात. एकूण बेरीज सुमारे २८ लाख. यात जनित्रातील तांबे, यंत्रशाळेतील जुळणी, वाहतूक, उभारणी, पुढील वीस वर्षांची देखभाल आणि अखेरीस यंत्र उतरवण्याचा खर्च यांची भर घातली पाहिजे. हात सैल सोडून आणखी निम्मी रक्कम वाढवली, तर पवनचक्कीच्या डोक्यावरील कर्ज ४२ लाख युनिट होते.

आता जमेची बाजू. दोन मेगावॅटचे यंत्र वर्षातील सर्व ८,७६० तास पूर्ण शक्तीने फिरते, तर १ कोटी ७५ लाख युनिट वीज होती. परंतु वारा कोणाच्या नोकरीत नसतो. तो कधी मंद असतो, कधी पडलेला असतो, आणि कधी इतका सोसाट्याचा की यंत्र थांबवून ठेवावे लागते. म्हणून प्रत्यक्ष उत्पादन पूर्ण क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकेच धरणे सुरक्षित होय. ते वर्षाला ३५ लाख युनिट होते. कर्ज ४२ लाखांचे आणि प्राप्ती वर्षाला ३५ लाखांची; म्हणजे चौदा-पंधरा महिन्यांत मुद्दल फिटते. यंत्र वीस वर्षे टिकले, तर ते ७ कोटी युनिट देते. पेरलेल्या एका पायलीच्या सोळा-सतरा पायल्या होतात.

या हिशेबात पवनचक्कीवर थोडा अन्यायही झालेला आहे. खर्चाच्या बाजूला मांडली ती बहुतांशी उष्णता, आणि जमेला मांडली ती वीज. या दोहोंची युनिटे सारखी दिसली तरी त्यांची योग्यता सारखी नाही. औष्णिक विद्युत्केंद्रात तीन युनिट उष्णता खर्च केल्यावर जेमतेम एक युनिट वीज हाती येते. उरलेली दोन युनिटे धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यावाटे निघून जातात. म्हणून पवनचक्कीची ३५ लाख युनिट वीज ही औष्णिक केंद्रातील सुमारे १ कोटी ५ लाख युनिट उष्णतेचा कोळसा वाचवते. असा हिशेब केला, की तेच कर्ज पाच महिन्यांत फिटते. ह्यूज यांनी सांगितलेला १७० टन कोळसा याच न्यायाने तपासून पाहता येईल. तो कोळसा पोलादासाठी न वापरता विद्युत्केंद्रात जाळला असता, तर त्यातून सुमारे साडेचार लाख युनिट वीज झाली असती. पवनचक्की तेवढी वीज दीड महिन्यात देते.

निरनिराळ्या अहवालांत कोठे पाच महिने, कोठे वर्ष, कोठे त्याहून थोडे अधिक, असे आकडे वाचून सामान्य वाचक गोंधळतो आणि कोणीतरी खोटे बोलत असले पाहिजे असा तर्क करतो. वस्तुतः फरक बहुधा मोजण्याच्या पद्धतीत असतो. एक जण उष्णतेचे आणि विजेचे युनिट सारखेच धरतो, दुसरा त्यांत एकास तीन असे प्रमाण लावतो. एक जण यंत्राच्या फाटकापाशी हिशेब थांबवतो, दुसरा वाहिन्या आणि रोहित्रे यांचाही खर्च त्यात घालतो. ईडा कुबिशेव्स्की, कटलर क्लीव्हलंड आणि पीटर एंड्रेस यांनी २०१० साली अशा ५० अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांत ११९ पवनचक्क्यांचे आकडे होते. सर्व अभ्यासांची सरासरी एकास पंचवीस अशी आली, आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या यंत्रांपुरती पाहिली तर ती एकास वीस अशी आली. हातावरच्या गणितातून निघालेला सोळा-सतरांचा आकडा या सरासरीपासून फार दूर नाही.

तेव्हा पवनचक्की आपली ऊर्जा परत करते की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते निसटते नाही. परंतु ह्यूज यांच्या विधानाच्या ज्या उत्तरार्धाचा गैरवापर झाला, त्यात एक सत्य आहेच. जागेचा प्रश्न गौण नाही. त्याचे कारण वाऱ्याच्या एका नियमात आहे.

पात्यांवर येणाऱ्या वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनप्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा आणि ६ मीटर वेगाचा वारा यांत अंगाला फारसा फरक जाणवणार नाही. पण दुसऱ्यातील शक्ती पहिल्याच्या पावणेदोन पट असते. ही सारी शक्ती पकडता येते असेही नाही. वाऱ्याचा वेग पात्यांनी पूर्ण हिरावून घेतला, तर हवा तेथेच तुंबेल आणि मागचा वारा पुढे येणार नाही. म्हणून वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली दाखवून दिले. पात्यांची रचना कितीही सुधारली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणजे मनुष्याच्या हाती उरते ते वाऱ्याची जागा नीट निवडणे, मनोरा उंच करणे आणि पाती लांब करणे.

जागेचे महत्त्व ध्यानी येण्यास महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण घेता येईल. म्हैसूर जिल्ह्यात कावेरी आणि कपिला यांच्या संगमाजवळ सोसले नावाचे गाव आहे. व्यासराज मठामुळे ते प्रसिद्ध आहे. या मुलखाला विजेचा लाभ झाला तो वाऱ्यामुळे नव्हे. कावेरी येथून खाली जाऊन शिवनसमुद्र येथे कड्यावरून कोसळते. त्या पाण्यावर म्हैसूर संस्थानाने १९०२ साली विद्युत्केंद्र चालू केले आणि त्याची वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली. त्याच कर्नाटकात पवनचक्क्यांची दाटी झाली ती कावेरीच्या काठी नव्हे, तर चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर आणि गदगच्या बाजूस. एका राज्यातही एका ठिकाणी पाणी फळते आणि दुसऱ्या ठिकाणी वारा. ज्या भूमीला जे पीक मानवते ते तेथे घ्यावे, हा शेतीतील जुना शहाणपणा ऊर्जेलाही लागू आहे.

सह्याद्रीच्या माथ्याला वारा मानवतो. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणपट्टी ओलांडून घाटाच्या भिंतीवर चढतो, आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. त्या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, आणि तेवढी शक्ती कमी होते हे खरे. पण वेगातील वाढ घनप्रमाणात लाभत असल्याने ही तूट भरून निघते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत येथे वर्षाच्या उत्पादनाचा मोठा भाग पदरात पडतो. याच महिन्यांत खाली कोयनेचा जलाशय भरत असतो. या जलाशयाच्या पाण्यावर १९६२ सालापासून वीजनिर्मिती होत असून कोयना प्रकल्पाची क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. वारा साठवता येत नाही, पाणी साठवता येते. वर वारा वाहत असताना खालचे पाणी राखून ठेवता आले, तर तेच पाणी वारा पडल्यावर, संध्याकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी कामी येते. वारा आणि पाणी यांनी एकमेकांची उणीव भरून काढावी, अशी ही भूरचना आहे.

जागा अगदीच सामान्य निघाली तर काय होते, तेही पाहिले पाहिजे. तेच दोन मेगावॅटचे यंत्र पूर्ण क्षमतेच्या केवळ पाच टक्के चालले असे समजू. वर्षाला पावणेनऊ लाख युनिट वीज होईल आणि ४२ लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या आत फिटेल. हा व्यवहार वाईटच. पण तोट्याचा नव्हे. कर्ज कधीच फिटू नये, असे व्हायला यंत्र लवकर मोडून पडले पाहिजे, किंवा उभे असून फिरत नसले पाहिजे. दंतचक्राची पेटी बिघडली आणि दुरुस्तीला माणूस नाही, पात्याला तडा गेला आणि नवे पाते आले नाही, वीज तयार आहे पण ती वाहून नेणारी वाहिनी अपुरी आहे, या कारणांनी यंत्र वर्षानुवर्षे उभे राहिले, तर ऊर्जेच्या खातेवहीत ते बुडीत कर्ज ठरते.

आपल्या देशातील धोरणाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९९० नंतरच्या काळात पवनचक्की उभारणाऱ्याला तिच्या किमतीवर पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा दाखवून आयकर वाचवण्याची मुभा होती. पुढे हे प्रमाण ८० टक्क्यांवर आले. या सवलतीमुळे या क्षेत्रात भांडवल आले आणि यंत्रे झपाट्याने उभी राहिली, हे तिचे श्रेय. परंतु सवलत मिळे ती यंत्र उभारण्याबद्दल. वीज निर्माण करण्याबद्दल नव्हे. ज्याचा लाभ पहिल्या वर्षीच पदरात पडला, त्याला दहाव्या वर्षी दंतचक्राला वंगण घालण्याची ओढ किती राहणार? ही उणीव ध्यानात घेऊन २००९ साली केंद्र सरकारने विजेच्या प्रत्येक युनिटामागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना आणली. वरवर पाहता हा करपद्धतीतील एक फरक होता. पण ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले, तर पेरणीला बक्षीस देण्याऐवजी पिकाला बक्षीस देण्याचा हा पालट होता.

आज महाराष्ट्रापुढे याच हिशेबातून दुसरा प्रश्न उभा आहे. राज्यातील चांगल्या वाऱ्याच्या जागा पहिल्याने घेतल्या गेल्या, आणि तेव्हा जी यंत्रे मिळत होती ती लहान होती. वनकुसवड्याच्या माथ्यावर साडेतीनशे किलोवॅटची यंत्रे मोठ्या संख्येने उभी राहिली. आज कित्येक मेगावॅटची, अधिक उंच मनोऱ्याची आणि कितीतरी लांब पात्यांची यंत्रे सर्रास बसवली जातात. त्या लहान यंत्रांनी आपले ऊर्जेचे ऋण केव्हाच फेडले आहे. परंतु उत्तम जमिनीवर हलके बियाणे वर्षानुवर्षे पेरीत राहावे, तशी आता त्या जागांची स्थिती आहे.

जुनी यंत्रे उतरवून नवी बसवणे ऊर्जेच्या दृष्टीने परवडेल काय? समजा, साडेतीनशे किलोवॅटची सहा यंत्रे क्षमतेच्या १८ टक्के चालतात. ती मिळून वर्षाला ३३ लाख युनिट देतील. त्यांच्या जागी दोन मेगावॅटचे एकच उंच यंत्र आले आणि ते ३० टक्के चालले, तर साडेबावन्न लाख युनिट मिळतील. वाढ साडेएकोणीस लाखांची. नव्या यंत्राचे कर्ज, लांब पात्यांमुळे वाढलेले धरून, ५० लाख युनिट मानले, तरी केवळ या वाढीतून ते अडीच वर्षांच्या आसपास फिटते. शिवाय उतरवलेल्या मनोऱ्याचे पोलाद वाया जात नाही. मोडीपासून पोलाद करण्यास खनिजापासून करण्याच्या मानाने पुष्कळच कमी ऊर्जा लागते. पात्यांचे मात्र तसे नाही. काचतंतू आणि राळ यांचा मिलाफ सुटा करणे कठीण असल्याने जुन्या पात्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न सर्वच देशांपुढे आहे.

केंद्र सरकारने अशा नवीकरणाचे धोरण २०१६ साली जाहीर केले आणि २०२३ साली ते सुधारले. तरी काम सोपे नाही. एका मोठ्या यंत्राला जेवढी मोकळी जागा लागते, तेवढ्या जागेत आज अनेक लहान यंत्रे असतात आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात. वीजखरेदीचे करार जुन्या यंत्रांच्या नावे असतात. जुनी वाहिनी वाढीव विजेचा भार पेलू शकत नाही. या अडचणी विज्ञानाच्या नाहीत, व्यवहाराच्या आहेत. आणि म्हणूनच त्या सोडवणे हे मनुष्याच्या हाती आहे.

ऊर्जेच्या खातेवहीत सर्वच नोंदी येतात असे मात्र मानू नये. वारा पडला असता दिवे लागावेत यासाठी दुसरे एखादे केंद्र सज्ज ठेवावे लागते किंवा साठवणीची सोय करावी लागते. तो भार एकट्या यंत्राच्या हिशेबात दिसत नाही. विजेच्या जाळ्यात वाऱ्याचा वाटा थोडा असतो तोवर हा भार हलका असतो. वाटा वाढतो तसा तोही वाढतो. याहून वेगळी नोंद चाळकेवाडीच्या सड्यावरच झाली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या इतर भागांच्या मानाने सुमारे एकचतुर्थांश आढळली, आणि भक्षक कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे तेथे अधिक दाट झाले. एका पात्याच्या फिरण्याने आकाशातील ससाण्यापासून दगडाखालच्या सरड्यापर्यंत सर्वांचा हिशेब बदलतो. हे युनिटांत मोजता येत नाही. म्हणून ते मोजूच नये असे ठरत नाही.

जुन्या जागांचा उत्तम उपयोग करण्याचे महत्त्व येथे अधिक स्पष्ट होते. एकाच पठारावर थोडी पण समर्थ यंत्रे असली, तर नव्या सड्यांवर आणि नव्या डोंगरांवर रस्ते खोदण्याची गरज तेवढी कमी होते. वारा फुकट आहे, पण वाऱ्याची जागा फुकट नाही, आणि ती अमर्यादही नाही.

पवनचक्की स्वतःचे ऊर्जाऋण फेडते, याविषयी आता संशय घेण्याचे कारण उरलेले नाही. नीट निवडलेल्या जागी ते वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात फिटते, आणि उरलेली अठरा-एकोणीस वर्षे यंत्र निव्वळ जमेसाठी फिरते. मात्र ही जमा आपोआप होत नाही. कोळशाच्या वाघिणी केंद्रापर्यंत आल्या नाहीत तर त्याच दिवशी बोंब होते. पवनचक्की बंद पडली तर वाऱ्याचे काही अडत नाही, तो पठारावरून निघून जातो आणि बुडालेल्या युनिटांची नोंद कोणी करीत नाही. म्हणून अशा साधनाच्या बाबतीत उभारलेल्या क्षमतेचे मेगावॅट मोजून समाधान मानणे पुरेसे नाही. यंत्र वर्षातून किती तास फिरले आणि किती वर्षे फिरले, हाच त्याच्या परतफेडीचा खरा आकडा होय.